कोंडवाड्यातल्या दोन सायकली

"सांगा की सायब, शेरडं सोडू का धरून ठिवू?"

रविवारची सकाळ, सात वाजलेले. डोंगराच्या पायथ्याशी वाटेवर आमच्या खात्याचा एक बांबू आडवा टाकलेला. त्याच्या अलीकडे मी. माझ्या डाव्या हाताला हे विचारणारी तानूबाई, तिच्यामागे तिच्या चौदा शेळ्या. उजव्या हाताला सांगलीहून आलेला टेम्पो, आणि त्यातून उतरवलेल्या गिअरच्या पंचवीस-तीस सायकली. जाड टायर, सरळ हँडल. नव्वदच्या दशकात आमच्या भागात तसली सायकल कुणी पाहिलेली नव्हती. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. शेळ्यासुद्धा.

मी तेव्हा फॉरेस्टमध्ये आरएफओ होतो. म्हणजे एका रेंजचा अधिकारी. आमच्यावर डीएफओ, म्हणजे साहेब. राहायला मी कोरेगावला होतो आणि माझ्याकडे औंधच्या पलीकडची डोंगररांग होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून दिवाळीला फोन करतात, त्यांना आवडायचं नाही.

त्या डोंगरावर आम्ही सीसीटी खणले होते. साध्या भाषेत, उताराला आडवे चर. चर खणायचा आणि निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी रचायची. पाऊस पडला की पाणी चरात थांबतं, मुरतं आणि पायथ्याच्या विहिरीला लागतं. गावाची पिण्याची विहीर पूर्वी फेब्रुवारीत तळ दाखवायची. त्या साली बायकांनी मे महिन्यात तिच्यातून पाणी शेंदलं होतं.

पण चर खणून भागत नाही. बांधावर गवत धरावं लागतं, आणि गवत धरायचं तर जनावर वर जाऊन चालत नाही. म्हणून गावानं चराईबंदी केली होती. गवत कापून घरी न्यायचं, शेळी वर सोडायची नाही. पावसाळ्यात तर माणसानंही डोंगरावरच्या वाटेनं जायचं नाही, गाडीरस्त्यानं वळसा घालायचा. बंदी माझ्या बोर्डामुळे चालत नव्हती. ती चालत होती तात्यांमुळे. तात्या म्हणजे लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झालेले गृहस्थ, गावच्या वन समितीचे अध्यक्ष. बंदी मोडली की जनावर कोंडवाड्यात आणि मालकानं दिवसभर चराच्या दुरुस्तीला यायचं, असा त्यांचा कायदा. पहिल्याच वर्षी शेळ्या सापडल्या त्या त्यांच्या सख्ख्या भावजयीच्या, तानूबाईच्या. त्यांनी त्याही आत घातल्या. ती भांडायला माझ्याकडे आली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "बाई, नियम सगळ्यांना सारखा. उद्या माझा साहेब आला तरी त्यालाही वर सोडणार नाही."

बोलून गेलो होतो. आता साहेब दहा वाजता झेंडा दाखवायला येणार होते.

हे झालं कसं? माझ्याच हातानं झालं. मे महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतले एक दातांचे डॉक्टर माझ्याकडे आले होते. त्यांचा सायकलवाल्यांचा क्लब होता. डोंगरावरून खाली उतरण्याची मोहीम करायची म्हणाले, सप्टेंबरमध्ये, हिरवं असताना. माणूस गोड बोलणारा. मी त्यांच्याबरोबर वाट चढून पाहिली. मे महिन्यात ती वाट इतकी कडक होती की बुटाची टाच उमटत नव्हती. खाली आलो आणि परवानगीच्या पत्रावर सही ठोकली. अट एकही नाही. आमच्याकडे पाऊस तो कितीसा, असा हिशोब मनात. समितीला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आणि परतीचा पाऊस तीन दिवस कोसळला. चर काठोकाठ भरले. शनिवारी मी साहेबांना फोन लावला.

"सर, उद्याचं कॅन्सल करावं लागेल. वाट ओली आहे."

"पाऊस थांबलाय ना?"

"थांबलाय. पण बांध मऊ झालेत. सायकली गेल्या तर फुटतील."

"कदम, पाहुण्यांना बोलावून झालंय. परवानगी तुमचीच आहे ना? मग ऐनवेळी नाटक नको. ॲडजस्ट करा."

फोन ठेवला. डॉक्टरांच्या घरी लावला, तर मंडळी औंधला मुक्कामी निघून गेलेली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे मोटारसायकल काढली आणि पायथ्याशी आलो, तर सायकलींची बातमी ऐकून तानूबाई माझ्याआधी येऊन उभी.

तर डॉक्टरांनी खिशातून माझं पत्र काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घातलेलं.

"ही सही तुमची ना, कदमसाहेब?"

"माझीच. चुकली."

"असं कसं चुकली? पोरं महिनाभर तयारी करतायत!"

मी त्यांना बांबूच्या आत चार पावलं नेलं आणि हातातली काठी जमिनीत दाबली. वीतभर आत गेली. म्हटलं, "डॉक्टर, माणूस चालला तर खड्डे पडतात. एक इथं, एक तिथं. चाक गेलं की सलग चरी पडते. ही वाट सगळ्या चरांचे बांध ओलांडत वर जाते. तुमची चरी बांधावरून गेली की पाण्याला दार सापडलं. वरचा चर खालच्यात रिकामा होणार, तो त्याच्या खालच्यात. सगळी माती विहिरीत."

डॉक्टर बिचारे विचारात पडले. "एकदाच जाऊ," म्हणाले. "सावकाश जाऊ. एकामागून एक."

"माजी बी सावकाशच चालत्यात," तानूबाई म्हणाली. "आन एकामागनं एकच जात्यात."

कुणी हसलं नाही. तिच्या मागे आता गावातल्या आणखी पाच-सात बाया येऊन थांबल्या होत्या. प्रत्येकीच्या घरी शेरडं होती. "पयली सायकल आत गेली की माजी शेरडं मागनं," तानूबाई म्हणाली. "मग ह्यांची बी. भावजींनी कोंडवाड्यात घालून दाखवावीत." तात्या शेजारीच उभे होते. त्यांची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती माझ्यामुळे गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांचं गवत शेळ्यांनी आठवड्यात साफ केलं असतं. आणि गवत गेलं की पुढच्या पावसात बांध जाणार, हे सांगायला आरएफओ लागत नाही.

आम्ही असे वाद घालत असताना मागून कुणीतरी ओरडलं, "आवं, वर बगा!"

टेम्पोच्या आडून, बाभळींच्या मधून दोघे जण निसटले होते. कॉलेजची पोरं. एक लाल सायकल, एक निळी. वर पोचून आधी उतरायचा मान मिळवायचा, म्हणून सायकली रेटत वर चालले होते. पहिला बांध त्यांनी ओलांडलेला होता.

तात्यांनी शिट्टी फुंकली. पोरं थांबली नाहीत, उलट घाई करायला लागली. आम्ही दोघे पळत सुटलो, मागून डॉक्टर. दोनदा मी गुडघ्यावर आपटलो. तिसऱ्या बांधापाशी त्यांच्या सायकली अडकल्या. चिकट माती चाकात आणि फ्रेममध्ये ठासून भरली होती. पोरं चाकं मोकळी करायला ती तिथंच बांधावर जोरजोरात मागेपुढे ओढत होती.

"ए गड्या, सोड ती!" तात्या ओरडले.

उशीर झाला होता. बांधावर टायरनं घळ पडली होती, बोटभर रुंद. तिच्यातून पाणी यायला लागलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत बोटभराची घळ हातभर झाली. माती ढेकळा-ढेकळानं सुटत होती. खालच्या चरात आधीच तुडुंब पाणी भरलेलं. तो फुटला असता तर खालचे सगळे गेले असते.

तात्या सरळ घळीत बसले. पाण्याला पाठ लावून. "दगड आना! बगताय काय?" मी रेनकोट काढला, गुंडाळून त्यांच्या कुशीला कोंबला. डॉक्टर पँटीसकट चिखलात उतरले आणि दगड द्यायला लागले. पोरांना तेव्हा कुठं समजलं काय केलं ते. एक जण रडायलाच लागला. त्याला मी म्हटलं, "रड नंतर, आधी माती टाक." अर्धा तास आम्ही पाच जण त्या एका घळीशी झुंजत होतो. पाणी थांबलं तेव्हा तात्यांचे ओठ निळे पडले होते.

खाली आलो. सायकली खांद्यावर घेऊन, चाक जमिनीला न टेकवता. बांबूपाशी तानूबाईनं शेळ्यांची दावी सोडायला घेतली होती.

"थांब," तात्या म्हणाले. मग पोरांकडे वळून, "सायकली घ्या आन चला माज्याबरोबर."

"कुठं?"

"कोंडवाड्यात."

डॉक्टर चमकले. "अहो, सायकल काय जनावर आहे?"

"जनावराला बोर्ड वाचता येत न्हाई, तरी आमी आत घालतो. ह्यांना तर वाचता येतंय."

कोंडवाडा पायथ्याशीच होता. दगडी भिंत, वर आकाश. आत एक चुकार वासरू होतं, त्याच्या शेजारी दोन्ही सायकली उभ्या केल्या. नियमाप्रमाणे वहीत नोंद करायची. तात्यांनी विचारलं, "जनावर: सायकल. रंग: लाल. वळखीच्या खुनंत काय लिवू?" मी म्हटलं, "पुढं बाटली अडकवलीय, लिहा." त्यांनी खरंच लिहिलं. मग वही मिटून माझ्याकडे बघितलं.

"सायब, हेंनी बंदी मोडली, म्हून हेंनी दिसभर चरावर राबायचं. पर परवानगी कुनी दिली हुती?"

"मी."

"मग?"

मी फावडं उचललं. दुसरं डॉक्टरांनी उचललं, कुणी न सांगता.

साहेब दहाला आले. जीपमध्ये पाहुणे, हातात झेंडा. त्यांचा आरएफओ बनियनवर, पायथ्याच्या चिखलात, वर न्यायचं मातीचं घमेलं उचलताना दिसला.

"कदम, हे काय चाललंय?"

"सर, बांध फुटला होता. माझ्या परवानगीमुळे. दुरुस्त करतोय."

तात्यांनी चिखलातूनच कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनी एकदा बांधाकडे बघितलं, एकदा बांबूपाशी थांबलेल्या शेळ्यांकडे. तानूबाई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "सायब, ह्या कदमसायबांनी मला सांगितलं हुतं, तुमी आला तरी सोडनार न्हाईत. खरं का खोटं?"

साहेब काय बोलतात याची मला धाकधूक होती. "खरं आहे," म्हणाले. मग पाहुण्यांना घेऊन ते गाडीरस्त्याला गेले आणि राहिलेल्या सायकलींना तिथून झेंडा दाखवला.

तानूबाईचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ती कोंडवाड्यापाशी गेली, भिंतीवरून वाकून दोन्ही सायकली मोजल्या, कुलूप दोनदा ओढून बघितलं. मग शेळ्यांना हाक घातली आणि घराकडे वळली. तिच्यामागे बाकीच्या बाया वळल्या. ते बघताना मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी सायकली सुटल्या. वासरानं एका सीटचं कव्हर खाल्लं होतं. आठवड्यानं मला मेमो आला, कोणत्या परिस्थितीत परवानगी दिली याचा खुलासा करा. मी लिहिलं, "वाट कोरडी असताना पाहिली. समितीस विचारले नाही. चूक माझी." साहेबांनी त्यावर लाल पेनानं एकच शब्द लिहून फाईल बंद केली: "पाहिले."

पुढे पंधरा वर्षं नोकरी केली. बंदी मोडल्याची तक्रार आली की मी आधी स्वतःच्या फाईलमधले कागद काढायचो. बऱ्याचदा चोर तिथंच सापडायचा.