तांबड्या काचेतली दीर्घिका

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. ते शाळेत विज्ञानाचे मास्तर. त्यामुळे दुसरा कुणी घाबरला असता तिथं त्यांना त्या कड्यांचं कौतुकच वाटलं. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

देवासला आमचं घर टेकडीच्या मागच्या अंगाला होतं. संस्थानं विलीन झाली, शाळेवरची पाटी बदलली आणि जन्मभर मराठीतून शिकवलेले अण्णा पन्नाशीला टेकताना हिंदीतून प्रकाशाचं वक्रीभवन शिकवायला लागले. त्याच उलथापालथीत शाळेच्या कपाटातली एक जुनी पितळी दुर्बीण हेडमास्तरांनी त्यांना घरी न्यायला दिली, कारण ती कुणालाच नको होती. तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळचा दिवा म्हणजे भांडणाचा विषय झाला.

कुणाच्या तरी हाती अण्णांना एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात सप्तर्षींजवळच्या एका दीर्घिकेचे दोन फोटो होते. एक निळ्या प्रकाशात काढलेला, दुसरा तांबड्या. निळ्यात ती गप्प पडलेली, नुसती पांढरट रेघ. तांबड्यात तिच्या पोटातून दूध उतू जावं तसं काहीतरी दोन्हीकडे उसळलेलं. "वस्तू तीच," अण्णा मला समजावत, "उजेड बदलला की तिच्या आत काय चाललंय ते कळतं." पडक्या कचेरीच्या खिडकीचं निळं तावदान त्यांनी मिळवलं, फोटोवाल्याकडून तांबडी काच आणली, आणि ती दीर्घिका आपल्या अंगणातून दोन्ही रंगांत बघायचीच असं त्यांनी घेतलं मनावर.

त्यासाठी आधी डोळे अंधाराला सरावायला हवेत. चैत्रात सप्तर्षी टेकडीच्या बाजूनं वर आले की अण्णा घरातले सगळे दिवे मालवायला लावत आणि अंगणात खुर्ची टाकून बसून राहत. आई चुलीच्या उजेडात पोळ्या लाटायची. "करपली तर तुमच्या त्या दीर्घिकेबरोबर खा," असं तिनं म्हटलं की अण्णा हसत.

मग दुर्बिणीला डोळा लावून ते तांबडी काच धरत. "ढवळून निघालीय नुसती," म्हणत. "धाग्यांसारखं काहीतरी बाहेर येतंय. ये, बघ." मी बघायची. काच नसताना एक फिकट पुसलेला डाग दिसे. निळ्या काचेतून तो आहे की नाही अशी शंका यायची. तांबड्या काचेतून मात्र ठार काळं. मी तसं सांगितलं की ते म्हणत, सवयीनं दिसेल. मी विशीतली पोर, ते मास्तर. मला वाटायचं, आपल्यालाच अक्कल नाही.

एकदा असंच बघून झाल्यावर मी कंदील लावला, तर अण्णा कपाळ दाबत म्हणाले, "बघ, आत निळं, बाहेर तांबडं. प्रकाश कसा सुटा झालाय." मी कंदिलाकडे टक लावून बघितलं. कडं नव्हतं. आईला बोलावलं, तिलाही दिसेना. कंदिलाभोवती जे नाही ते यांना दिसतंय, तर वर आकाशात तरी काय दिसत असेल?

डोकेदुखी वाढली. अंधारात बसून आले की ओकाऱ्या व्हायच्या. शेजारचे, ओळखीचे, सगळ्यांनी एकच निदान केलं: मोतीबिंदू. आणि एकच उपाय सांगितला: पिकू दे. कच्च्या मोतीबिंदूला कुणी हात लावत नाही, हे त्या वेळी आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं. झालं. आढीत आंबे घालून बसावं तसं आमचं घर अण्णांचा डोळा पिकण्याची वाट बघत बसलं. त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळायला लागला, बाजूला ठेवलेला तांब्या त्यांना सापडेना, वर्गात कडेला बसलेली पोरं वेडावतात हे त्यांना कळेना. मी म्हणायची, इंदूरला नेऊ. आई म्हणायची, अजून पिकला नाही. मी आदळआपट केली, जेवण सोडलं, अण्णांसमोर बसून रडले. "एवढी काय घाबरतेस," ते म्हणाले, "मोतीबिंदू तर आहे. काढला की लख्ख दिसेल, मग तुला ते धागे मोजून दाखवतो."

थंडीत धारच्या काकांनी निरोप धाडला की तिथल्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरतंय. आम्ही बसनं निघालो. उतरताना अण्णांना पायरीच दिसली नाही. "भिया, सम्हालो इनको," असं कंडक्टर मागच्यावर ओरडला. लाजेनं की भीतीनं कोण जाणे, अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

धर्मशाळेच्या ओसरीत पांढऱ्या बाहुल्यांची म्हातारी माणसं रांगेनं बसली होती. डॉक्टरांनी अण्णांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग पापण्या मिटायला सांगून दोन बोटांनी हलकेच डोळा दाबून बघितला. "मोतिया नहीं है, मास्टरसाब. काला मोतिया है. ये पकनेवाली चीज नहीं." आपण ज्याला काचबिंदू म्हणतो तो. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डाव्यात थोडी नजर शिल्लक होती.

"अंधेरे में बैठते हो क्या?" त्यांनी विचारलं.

आणि अण्णांनी त्या गर्दीत, मागचे लोक खोळंबलेले असताना, मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. दीर्घिका, दोन काचा, धागे. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग सावकाश समजावलं. अंधारात बाहुली मोठी होते. अशा डोळ्यात त्यामुळे पाणी बाहेर जायची वाट बंद होते, आत दाब चढतो आणि तो नजर खातो. ती कडी दाबाची होती. तांबड्या काचेतलं तुम्ही जे सांगता तेही डोळ्यातलंच असणार. उरलेली नजर टिकवायची तर रोज थेंब घालायचे आणि अंधारात बसणं कायमचं बंद.

परतीच्या बसमध्ये, इंदूर आल्यावर, अण्णा म्हणाले, "म्हणजे ती मला दिसलीच नव्हती. तुला काळं दिसत होतं, तेच खरं." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर आमच्या घरात दिवा कधी कुणी मालवला नाही. अण्णा झोपायचे तेसुद्धा उजेडात. थेंब मी घालायची. ते मुकाट्यानं मान वर करत.

पुढच्या वैशाखात एका संध्याकाळी गावाची वीज गेली. अण्णा उठले, भिंत चाचपत अंगणात आले आणि वर तोंड करून उभे राहिले. मी काडेपेटी शोधत धावले.

"थांब," ते म्हणाले. "सगळा गाव काळोखात आहे. असा काळोख पुन्हा मिळायचा नाही. दुर्बीण आण. काच नको, काही नको. नुसती एकदा बघू दे, खरी आहे तशी."

"अण्णा, आत चला."

"डोळा माझा आहे." आवाज चढला, मग एकदम खाली आला. "पाया पडतो तुझ्या. एकदाच."

बाप असं बोलतो आणि ते ऐकून उभं राहावं लागतं, ही वेळ वैऱ्यावर येऊ नये. दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. मी कंदील लावला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला.

अण्णा त्या एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिले. इतक्या रागानं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, आणि मला एवढंच कळत होतं की मी त्यांना दिसते आहे.