वाळवंटातलं बाटलीभर पाणी

सकाळी उठल्यावर आदल्या दिवशीचं शिळं पाणी ओतून द्यायचं आणि हंडा, कळशी, बाटल्या ताज्या पाण्यानं भरायच्या, हे आमच्या रोह्याच्या घरातलं माझं काम. बायकोच्या मते मला न सांगता जमणारं हे एकच. त्या दिवशी ओट्यावर एक मोठी बाटली दिसली. पाणी जरा गढूळ वाटलं, म्हणून दारातल्या जास्वंदीला घातलं आणि पुण्य केल्यासारखा चहा मागितला.

आदल्या रात्री रजेवर आलेला मेव्हणा आंघोळ करून आला. त्यानं बाटली उचलून पाहिली आणि यातलं पाणी कुठं गेलं, असं विचारलं.

हा बायकोचा धाकटा भाऊ. इथल्या कंपनीत पंपावर होता. ती बंद पडली तसा राजस्थानात, वाळवंटातल्या कोळशाच्या खाणीवर पंप चालवायला गेला. कोळशाच्या खाणीत पंप कशाला, हे त्यानं मला दर रजेत सांगितलं होतं आणि दर वेळी मी मान डोलावली होती. त्या दिवशी प्रथमच ऐकलं. कोळसा जमिनीतल्या पाण्याच्या खाली असतो. खड्डा कोरडा राहायला हवा म्हणून भोवतालचं पाणी रात्रंदिवस उपसावं लागतं. तिथं पाऊस नावाला, त्यामुळे उपसलेलं भरून येत नाही. आसपासच्या विहिरींचं पाणी खोल जातं, आणि वरचं गोडं पाणी सरलं की कुठं कुठं खालचं खारं वर येतं.

मेव्हणा ज्या म्हाताऱ्याच्या घरी भाड्यानं राहतो त्याच्या विहिरीचं तेच झालं होतं. बकऱ्या पाण्याला तोंड लावत नव्हत्या. पाणी खारं झाल्याचा तपासणीचा कागद आणा, मग टँकरचं बघू, असं खाणवाल्यांनी त्याला सांगितलं होतं. तपासणी कुठं करतात हे म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि तिथं बाटली घेऊन फिरताना मेव्हणा दिसता तर त्याची नोकरी गेली असती. पेणला मात्र त्याच्या जुन्या कंपनीतला केमिस्ट आता प्रयोगशाळा चालवतो. म्हणून विहिरीच्या तळाशी रात्रभरात झिरपलेलं पाणी म्हाताऱ्यानं भरून दिलं होतं, आणि मेव्हण्यानं ते दोन दिवस गाडीत मांडीवर ठेवून आणलं होतं.

बाटलीत दोन चमचे उरले होते. तेवढंच घेऊन आम्ही एसटीनं पेणला निघालो. वाटेत मी सुचवलं, थोडं खाडीचं पाणी घालू, खारं ते खारं.

"भावोजी," मेव्हणा म्हणाला, "तुम्ही नुसते बसा."

केमिस्टनं बाटली उजेडात धरली आणि निदान लिटरभर तरी हवं म्हणून परत दिली. मेव्हण्यानं तिथल्याच पायरीवरून म्हाताऱ्याला फोन लावला. पाणी आपल्याच हातून सांडलं, असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. माझं नाव काढलं नाही. म्हातारा रागावला नाही म्हणे. आता बाटली भरायला दोन रात्री लागतात, तू येईस्तोवर भरून ठेवतो, म्हणाला. पण मेव्हण्याची पुढची रजा सहा महिन्यांनी. तोवर बकऱ्या विकाव्या लागतील, हेही म्हाताऱ्यानं सहज बोलावं तसं सांगितलं.

समोर गणपतीच्या कारखान्याबाहेर माती भिजवायला लावलेली बादली भरून वाहत होती. मेव्हणा रस्ता ओलांडून गेला, नळ बंद केला आणि परत पायरीवर येऊन बसला.

संध्याकाळी जेवताना मी त्याला पुन्हा सॉरी म्हणालो. दिवसभरातली ती सातवी-आठवी वेळ असेल. तो निम्म्या भातावरून उठला.

आवरताना बायको म्हणाली, "त्याला सारखी माफी नका मागू. तो तिथं आठ-आठ तास पाणी ओतूनच देतो, आणि त्याला कुणाची माफी मागता येत नाय."