बीजींचं माहेरपण

नांदेडला आमच्या शेजारी एक शीख कुटुंब राहतं. त्यांची मुलगी पंजाबात, सीमेला लागून असलेल्या गावात दिलेली. त्या उन्हाळ्यात तिकडं तोफा सुरू झाल्या, घिरट्या घालत ड्रोन यायला लागले आणि गाव रिकामं करायला सांगितलं. ती सासूला घेऊन माहेरी आली. नवरा आणि सासरे गुरांपाशी थांबले.

सासूला ती बीजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. बीजी दिवसभर ओट्यावर मोबाईल घेऊन बसायच्या. ताटातली पोळी तशीच राहायची.

"पाव्हणी म्हणून बसवून ठेवलंय, तेच त्यांना सोसून नाही राहिलं," शेजारीण म्हणाली.

मी लोणच्याच्या कैऱ्या आणायला माहेरी, शिरूर अनंतपाळला निघाले होते. म्हटलं, सासू-सून दोघी चला माझ्यासोबत. बीजींनी लगेच चपला घातल्या.

आमच्या आईची म्हैस नुकतीच व्यालेली, आणि भारी लाथाळ. त्या संध्याकाळी आई धारेला बसली तशी तिनं चरवी उडवली. बीजी उठल्या, हात धुतले आणि म्हशीच्या मानेखाली खाजवत पंजाबीत काहीतरी बोलू लागल्या. म्हैस कान हलवत उभी राहिली. थोड्या वेळानं बीजी खाली बसल्या आणि चरवीत धार वाजू लागली.

"काय म्हणायल्यात गं तिला?" आईनं विचारलं.

"म्हणतेत, मला काही घाई न्हाई, तुला हाय का?" सून हसत म्हणाली.

आईही हसली. मग बघते तर बीजी म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून रडत होत्या. हात मात्र थांबले नव्हते. आई रेडकाला धरून तिथंच उभी राहिली. त्या रात्री बीजींनी दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा परत मागून घेतला.

दोन दिवसांसाठी गेलो होतो, आठवडा राहिलो. चहावरून आई आणि बीजींचं रोज वाजायचं. बीजी पातेलंभर दूध ओतायच्या, आई म्हणायची, "ह्यो चहा न्हाई, खीर हाय." लोणच्याला बीजींना मोहरीचं तेल हवं होतं, आईला शेंगदाण्याचं. शेवटी दोन बरण्या घातल्या. दोघी आपापल्या भाषेत भांडत, पण अर्थ सांगायला कुणालाच सुनेची गरज पडेना.

मग फोन आला. गोळीबार थांबला होता, लोक परतू लागले होते. घराच्या काचा फुटल्या होत्या, भिंतीला भोकं पडली होती. माणसं आणि गुरं मात्र धड होती. बीजींनी ते दोनदा विचारून घेतलं आणि पिशवी भरायला घेतली.

त्यांना निरोप द्यायला आई नांदेडच्या स्टेशनवर आली. गाडी हलेपर्यंत खिडकीतून बीजींचा हात धरून होती.

आता दोघी फोनवर बोलतात. काय कळतं कोण जाणे, पण अर्धा तास सहज जातो. यंदा थंडीत आईनं तिकडं जायचं ठरवलं, तेव्हा मी तिला लातूरला स्वेटर घ्यायला नेलं. दुकानदारानं दाखवलेला प्रत्येक स्वेटर तिनं चिमटीत धरून पाहिला.

"ह्याच्याहून जाड दाखवा," ती म्हणाली. "माझी मैत्रीण म्हणती, तिकडं लई गारठा असतोय."