मायाताईंच्या एकेचाळीस मासोळ्या

हे लिहायला बसले आणि लगेच उठून कणीक मळून आले. मग पुन्हा बसले. तीन वर्षं झाली — नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट बाजूला सारून बाकीचं बोलते. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की दुसरं काही? मला कळत नाही. या सगळ्यात मला न कळलेलंच जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

गोष्ट मोबाइलवरच्या एका खेळाची आहे. हसलात तरी चालेल — मीही हसले असते.

मी अमरावतीला राहते, घरी ब्लाउज शिवते. वय सत्तेचाळीस. मशीन चालवून पाय दुखले की मोबाइल घ्यायचा, एवढंच सुरुवातीला होतं. खेळात एक काचेची टाकी असते. तिच्यात पाणी, झाडं, गोगलगायी आणि मासोळ्या. खऱ्या नसतात, पण त्यांना भूक लागते, त्या आजारी पडतात, अंडी घालतात. लक्ष दिलं नाही तर मरतात, आणि मेलेली मासोळी परत येत नाही. आमच्या सासरच्या बायकांचा एक ग्रुप होता, बाराजणींचा. प्रत्येकीची टाकी सगळ्यांना दिसायची आणि दर रविवारी गुणांची यादी लागायची.

त्या यादीत माझं नाव पहिलं असायचं.

बारावीला नापास होऊन मी लग्न करून आले. सासरी सगळे शिकलेले. चारचौघांत मी काही बोलले की कोणी तरी मान हलवून दुसरीकडे बघायचं. पण या खेळात बायका मलाच विचारायच्या — काकू, पाणी हिरवं होऊन राहिलं, काय करू? आणि मी सांगायची. टाकी घेतल्या घेतल्या मासोळ्या सोडू नका, आठ दिवस नुसती झाडं वाढू द्या. सुईत दोरा ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात संपेल इतकंच खायला टाका. उरलं की सडतं आणि पाणी जातं. मोठ्या तोंडाची मासोळी पिल्लांच्या टाकीत नको, ती कितीही सुंदर दिसली तरी. दिवा सारखा चालू ठेवला की शेवाळ येतं. रंगीत दगडांआधी गोगलगायी घ्या, काच त्याच साफ ठेवतात. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझं मीच, हातानं, चुकत चुकत शिकले होते. मला कोणी काही विचारतंय — याची चव तुम्हाला माहीत आहे का? मला तोवर नव्हती.

मग मायाताई ग्रुपमध्ये आल्या.

मायाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. अकोल्याला एका शाळेत तीस वर्षं दहावीला गणित शिकवलं. सासूबाईंना विस्मरणाचा आजार झाला, तेव्हा त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि शेवटपर्यंत त्यांनीच केलं. सासूबाई शेवटी शेवटी त्यांना ‘तुमी कोन्या गावच्या, बाई?’ असं विचारायच्या, आणि मायाताई प्रत्येक वेळी आपलं गाव सांगायच्या, पहिल्यांदा विचारल्यासारखं. सासूबाई गेल्या तेव्हा घर एकदम रिकामं झालं. मीच म्हटलं — ताई, हा खेळ घ्या मोबाइलमध्ये, बरं वाटेल. हो, मीच म्हटलं.

महिनाभर त्या रोज फोन करून विचारायच्या. मी सांगायची, त्या लिहून घ्यायच्या. मासोळ्यांना त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं दिली. ‘वैष्णवी आज खाऊन नाही राहिली वं, संगीता,’ असं म्हणायच्या — संगीता म्हणजे मी — आणि मला त्या खरोखर आवडायच्या. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. तेव्हा तसं होतं एवढंच.

दुसऱ्या महिन्यात त्या मला विचारेनाशा झाल्या. तिसऱ्या महिन्यात यादीत पहिल्या आल्या. टाकीत किती पाण्याला किती मासोळ्या, किती वेळानं किती चिमटी — सगळं कागदावर मांडून त्यांनी असं काही बसवलं होतं की त्यांच्या टाकीत एकेचाळीस मासोळ्या राहायच्या आणि एकही आजारी पडायची नाही. माझ्या टाकीत कधी तीसच्या वर गेल्या नाहीत. मग एके दिवशी मी ग्रुपमध्ये एकीला काही तरी सांगितलं आणि खाली मायाताईंचं उत्तर आलं — ‘संगीता, तुझं गणित चुकलं. असं केलं तर पिल्लं मरतीन.’ खाली सातजणींचे अंगठे.

त्या बरोबर होत्या. माझं चुकलंच होतं. मग मला एवढं का लागलं? सात अंगठ्यांनी कोणाचं काय जातं? पण मी त्या दिवशी एका ब्लाउजची बाही उलटी जोडली आणि ती उसवताना मला रडू आलं.

मी इकडेतिकडेच फिरतेय. मुद्द्याचं सांगते.

एप्रिलमध्ये मायाताईंना शाळेतल्या एका बाईंच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं, तेल्हाऱ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. चार दिवस. तिथं मोबाइलला रेंज नाही. जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला फोन केला. खेळात एक विश्रांतीचं बटण असतं. ते दाबलं की मासोळ्या झोपतात, त्यांना भूक लागत नाही. पण मग तेवढ्या दिवसांचे गुणही मिळत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे खाण्याचा डबा, आपोआप टाकणारा. तो त्यांनी कधी वापरला नव्हता. त्यांनी विचारलं, ‘तू जुनी खेळनारी हायेस. काय करू, सांग बरं?’

किती दिवसांनी विचारलं होतं त्यांनी मला काही!

मी म्हटलं, ‘विश्रांती नका टाकू ताई, गुण जातीन. डबा गच्च भरून ठेवा आन् बिनधास्त जा.’

मला ठाऊक होतं काय होणार ते. इथं मला पळवाट नाही. त्याच्या दोन वर्षं आधी महालक्ष्म्यांना मी माहेरी वलगावला गेले होते, तेव्हा माझी पहिली टाकी अशीच गेली होती. मालकीण टाकी उघडून बघत नसली की तो डबा थोडंथोडं टाकत नाही, सगळं एकदम सोडतो. खाणं तळाला साचतं, सडतं, दोन दिवसांत पाणी काळं होतं. ही गोष्ट मी ग्रुपमध्ये कधीच सांगितली नव्हती, लाज वाटली म्हणून. म्हणजे ती फक्त मलाच माहीत होती. आणि मी मायाताईंना डबा गच्च भरायला सांगितलं.

चार दिवसांत मी त्यांची टाकी किती वेळा बघितली असेल? कोणाचीही टाकी बघता येत होती ना. पहिल्या दिवशी पाणी गढूळ. दुसऱ्या दिवशी पिल्लं वर तरंगलेली. मैत्रिणीच्या टाकीचं पाणी बदलायची सोय त्या खेळात आहे. बोटानं एकदा दाबायचं. दाबलं असतं तर अर्ध्या तरी वाचल्या असत्या. मी बोट तिथपर्यंत नेलं, एकदा नाही, पुष्कळदा. मग मोबाइल उपडा ठेवून मशीनवर बसले.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंही नसतं बहुतेक. खेळातल्या मासोळ्या मेल्या. वाईट केलं, पण खेळातच केलं. पुढचं खेळातलं नाही.

लग्नाहून आल्यावर रविवारी मायाताई आमच्याकडे जेवायला आल्या. सगळे बसले होते — माझा नवरा, धाकटे दीर, जाऊ, मुलं. मायाताई रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या गोंधळल्यासारख्या वाटल्या. वरणाची वाटी हातात धरून म्हणाल्या, ‘संगीता, तुनं तं मले डबा भर म्हणून सांगतलं होतं न? मंग असं कावून झालं?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, हो ताई, माझं चुकलं. नुसतं ‘चुकलं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुद्दाम केलं हे कोणाला कळणार होतं? पण पुन्हा माझं चुकलं? पुन्हा सगळ्यांसमोर?

मी म्हटलं, ‘नाही ताई. मी विश्रांती टाका म्हटलं होतं. तुमी विसरल्या असान.’

माझा आवाज इतका सरळ आला की मलाच ते खरं वाटलं.

‘नाही वं, तू डबाच म्हनली होती,’ त्या म्हणाल्या, पण हळू.

‘नाही ताई.’

आणि माझा नवरा हसत म्हणाला, ‘ताई, तू आईवर चालली का काय?’

त्यानं गंमत केली. त्याला काय माहीत? जाऊबाई हसल्या, मुलं हसली. मायाताई हसल्या नाहीत. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही हो! संशयानं बघितलं असतं तर मी आज वेगळी बाई असते कदाचित. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण रस्ता चुकल्यावर एखाद्या अनोळखी माणसाकडे बघतो. मग म्हणाल्या, ‘असन बुवा. विसरली असन मी.’

त्यानंतर त्यांनी वही केली. गॅस बंद केला — वेळ लिहायची. दाराला कुलूप लावलं — वेळ लिहायची. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दहावीचा वर्ग सोडून पाचवीचा मागून घेतला. म्हणाल्या, फळ्यापुढे उभी असताना मधेच विसरली तर पोरांचं नुकसान. स्कूटी विकली. डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. मायाताई म्हणाल्या, आईलाही पहिल्यांदा असंच सांगतलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी आम्ही सगळे अकोल्याला गेलो. मी त्यांच्यासाठी जांभळ्या खणाचं ब्लाउज शिवून नेलं होतं. तो खेळ त्यांनी पुन्हा उघडला नाही. मी खेळते अजून. यादीत पहिली असते.

आता तुम्ही विचाराल, तो एवढ्या एका वाक्याचा परिणाम होता का? मी स्वतःला रोज विचारते. त्याच्या आधीही त्या छत्री विसरायच्या. चष्मा शोधायच्या. पण चष्मा तर मीही शोधते! कधी वाटतं, आजार येतच होता आणि माझं वाक्य वाटेत सापडलं. कधी वाटतं, त्यांना काही झालेलंच नव्हतं, आणि हुशार बाईला मी एका रविवारी वरणभात वाढता वाढता म्हातारी केलं. यातलं खरं काय? त्यांच्या चुका मी मोजत राहते, आणि एखादी सापडली की मला बरं वाटतं. हेही लिहिते, कारण हेही खरं आहे.

आणि सगळ्यात विचित्र हे — त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला, तो माझ्यावर येऊन बसला. रोज सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा फोन येतो. वही उघडून वाचतात. परवा कोण आलं होतं, कोणाला काय द्यायचं ठरलं, दिवाळीला कोण कुठं होतं. ‘तुले बराबर आठोते,’ म्हणतात, ‘म्हणून तुले इचारतो.’ मी सांगते. अगदी खरं खरं सांगते, एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही.

गेल्या मंगळवारी मात्र त्यांनी वही बाजूला ठेवली. नवीन डॉक्टरांना दाखवून आल्या होत्या. त्या डॉक्टरीणबाईंनी तास-दीड तास काय काय विचारलं, आकडे उलटे म्हणून घेतले, चित्रं काढायला लावली आणि म्हणाल्या, मॅडम, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं की आपण विसरतो?

‘मंग मले तो मासोळ्याचा दिवस आठोला,’ मायाताई म्हणाल्या. मग अगदी हळू, उत्तर आधीच ठरवून न ठेवता विचारावं अशा आवाजात, ‘संगीता, रागावू नको. मी खरंच विसरली होती का वं त्या दिवशी?’

घरात कोणी नव्हतं. नवरा कामावर, मशीन बंद, समोर सात माणसं बसलेली नव्हती. कोणापुढे लाज जाणार नव्हती. मायाताईंनी दार उघडून धरलं होतं, आणि रागावू नको असंही त्याच म्हणत होत्या.

मी म्हटलं, ‘हो, ताई.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या. आणि फोनवरून मला पानं उलटल्याचा आवाज आला. त्या ते वहीत लिहून घेत होत्या.