भासऱ्यांसमोर बिअर

आमच्या सासरी धाकट्यानं थोरल्यासमोर ग्लास धरायचा नाही. पिऊ नये असं कोणी म्हणत नाही, फक्त समोर धरायचा नाही. दिघोरीला, सासरच्या गावी, घरात लग्न निघालं की थोरले मांडवामागं बसतात, धाकटे गोठ्याकडे, आणि एकाच खोक्यातल्या बाटल्या दोन्हीकडे जातात. कोण किती प्याला हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. तरी गोठ्याकडचा एखादा झुलत झुलत मांडवामागं आला, की थोरले लगेच आपले ग्लास खाली ठेवून आभाळाकडे बघतात आणि पावसापाण्याचं बोलायला लागतात. नवी नवरी असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला.

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, यांनी तर नवऱ्याला बापासारखं वाढवलं. बाप लवकर गेला. भासऱ्यांनी शाळा सोडून धानाची शेती धरली आणि धाकट्याला शिकवून मास्तर केलं. हा मास्तर भंडाऱ्यात वर्गात घसा बसेस्तोवर बोलतो, पण भावासमोर त्याचे दोनच शब्द, ‘हो दादा’ आणि ‘नाही दादा’. माझी गत त्याहून भारी. भासऱ्यांसमोर मी बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, थेट बोलायचं नाही. काही सांगायचं झालंच तर मुलीला मध्ये घालायचं, आणि मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून भिंतीला सांगायचं. ‘जेवण वाढलंय म्हणावं.’ ऑफिसात मी साहेबाशी टेबल आपटून भांडते आणि घरी येऊन भिंतीशी बोलते. भासऱ्यांना हाक काय मारायची हेसुद्धा इतक्या वर्षांत ठरलं नव्हतं, कारण मारायची वेळच आली नव्हती.

मागच्या वर्षी आमच्या मोठ्या जाऊबाई गेल्या. मग भासऱ्यांच्या गुडघ्यांनीही दगा दिला. चिखलात उतरणं बंद झालं, धानाच्या बांध्या दुसऱ्याला ठेक्यानं कसायला दिल्या. पुण्याहून त्यांचा मुलगा म्हणाला, बाबा, आता इकडेच या. ते बरं म्हणाले. जाण्याआधी दोन दिवस आमच्याकडे भंडाऱ्याला उतरले होते, सोमवारी नागपूरहून गाडी होती.

माझ्या नवऱ्याचा जीव तीळतीळ तुटत होता. दादांनी पुण्याला न जाता आमच्याकडे राहावं असं त्याला वाटत होतं. पुढची खोली रिकामीच आहे, भंडाऱ्याहून दिघोरीची बस मिळते, मनात आलं की जाऊन धान बघून येतील. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण दादांनी ठरवल्यावर धाकट्यानं तोंड कसं उघडायचं? आणि ते आपण होऊन ‘तुमच्याकडे राहतो’ म्हणतील? जीव गेला तरी म्हणणार नाहीत. शनिवारचा अख्खा दिवस दोघं भाऊ धानावरच्या तुडतुड्यावर बोलले. झोपताना नवरा मला म्हणतो, ‘तूच काई कर ना.’

मी म्हटलं, ‘भाऊ तुमचा हाय का माहा?’ आणि कूस बदलली. पण डोक्यात किडा सोडलाच होता त्यानं.

रविवारी सकाळी मी भिंतीला सांगितलं की आज स्वयंपाक नाही, नदीकाठी नवं हॉटेल निघालंय, तिथं मासे चांगले मिळतात म्हणतात, तिकडेच जेवू. हे हॉटेल बिअरही स्वतःच बनवतं, ते मी भिंतीलासुद्धा सांगितलं नाही. माझा हिशोब साधा होता. घरात या दोघांच्या मध्ये खोल्या आहेत, दारं आहेत. तिथं एकच टेबल असेल, समोर वैनगंगा असेल, पोटात मासा जाईल, मग कोणाचं तरी तोंड उघडेल. मला माझ्या डोक्याचा भारी भरवसा.

ऑटोतून उतरून आत शिरलो तर शिजलेल्या धान्याचा वास. मधोमध काचेची खोली, तिच्यात स्टीलच्या उंच टाक्या. भासऱ्यांनी नाक वर केलं, टाक्या खालपासून वरपर्यंत पाहिल्या. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला विकूनच टाकलं. आम्ही बसलो. म्हणजे ते दोघं समोरासमोर बसले आणि मी बाजूच्या टेबलाला तिरकी, पदर घेऊन. वेटरनं बिअरचे प्रकार सांगितले, त्यातली एक इथल्याच तांदळाची म्हणाला. दोघंही भाऊ मान खाली घालून मिठाची डबी बघत होते. नवरा म्हणाला, लिंबूसोडा. भासरे म्हणाले, मलेबी तेच. मला कोणी विचारलंच नाही, माझ्यासमोरही लिंबूसोडा आला.

मरळ तळायला टाकली होती तोवर नवरा हात धुवायला म्हणून उठला. तो येईना. मग भासरे उठले, गुडघे आखडले म्हणून जरा फिरून येतो असं टेबलाला सांगून गेले. तेही येईनात. मरळ आली, झिंगे आले, भाकरी आली. तीन लिंबूसोडे आणि मी! गरम मासा डोळ्यांदेखत थंड होताना बघणं मला जमत नाही, माझं डोकं तापतं. मी पदर खोचला आणि शोधायला निघाले.

काचेच्या खोलीच्या अलीकडे, काउंटरच्या कोपऱ्यात नवरा स्टुलावर बसला होता, हातात भरलेला मग. मी खोलीला वळसा घातला. पलीकडे, नदीकडच्या कठड्याजवळ भासरे बसले होते, हातात तसाच भरलेला मग. दोघांच्या पाठी एकमेकांकडे, आणि मध्ये त्या टाक्या. एकाच टाकीतली बिअर दोन्हीकडे गेली होती. गोठा आणि मांडव, सगळं जागच्या जागी. मला इतकं हसू आलं की काचेला टेकून उभी राहिले.

मग हसू विरलं. भासरे पीत नव्हते. दोन्ही हातांनी मग धरून नदीकडे बघत बसले होते, आणि त्यांचे खांदे मला एकदम लहान वाटले. जाऊबाई गेल्यापासून दिघोरीत रोज असेच बसत असतील, आणि पुण्याला जाऊनही कुठल्यातरी गॅलरीत असेच बसतील. आधी वाटलं नवऱ्याचा कान धरून त्याला इथं आणावं. पण त्याच्या भरवशावर राहिले तर सोमवार उजाडेल हे मला पक्कं ठाऊक होतं. मी काउंटरवर गेले, त्याच्या नाकासमोरून तांदळाची बिअर घेतली, आणि कठड्याजवळ जाऊन भासऱ्यांसमोरची खुर्ची ओढून सरळ बसले. हातातला मग टेबलावर ठेवला. पदर खांद्यावर आला होता, येऊ दिला.

भासरे दचकले. त्यांचा मग टेबलाखाली गेला. मान आपोआप आभाळाकडे वळली आणि ते म्हणाले, पाऊस गेला वाटते आता.

‘दादा,’ मी म्हटलं. दुसरा शब्दच सुचला नाही, नवरा म्हणतो तोच तोंडात आला. ‘दादा, पुण्याले जाऊ नका. आमच्याकडं राहा. तुमच्या भावाच्या लय मनात हाय, पर त्याच्या तोंडातून निघत नाही.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग माझ्यासमोरचा मग पाहिला. भिंत नाही, मुलगी नाही, मलाच म्हणाले, ‘त्याले बोलाव.’

नवरा आला तो हातात मग घेऊनच. भाऊ दिसल्याबरोबर हातातला मग पाठीमागं गेला आणि अर्धी बिअर त्याच्याच पँटीवर सांडली. तसाच उभा राहिला, शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखा. भासऱ्यांनी मान नदीकडे वळवून विचारलं की ही म्हणून राहिली ते खरं का.

‘राहा ना, दादा,’ नवऱ्याच्या तोंडून एवढंच निघालं.

पुलावरून गाड्या जात होत्या. मग भासरे नदीकडेच बघत म्हणाले, ‘राहीन. पर मंग तुले रोज लपवा लागन. तूबी आता बुढा होऊन राहिला. झेपन का?’

‘लपवीन ना, दादा,’ नवरा म्हणाला. ‘तुमी गेले त मी कोनापासून लपवू?’

आणि भर दुपारी, लोकांच्या देखत, माझा मास्तर ढसाढसा रडला. भासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण पायानं एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. ती त्यांच्या शेजारची होती, समोरची नव्हती. तो बसला. दोघं नदीकडे तोंड करून बसले, एकाचा मग टेबलाखाली, दुसऱ्याचा खुर्चीमागं. थंड मरळ मीच उचलून तिथं आणली. पुण्याला फोनही मीच केला, आणि पुतण्याचं सगळं ऐकून घेऊन त्याला वर्षातून दोनदा इकडे यायला कबूल करून घेतलं.

आता भासरे पुढच्या खोलीत राहतात. रविवारी फ्रीजमधली एक बाटली निघते. अर्धी मी पुढच्या खोलीत नेऊन देते, अर्धी मागं स्वयंपाकघरात नवऱ्याला. नवरा भावाची चाहूल लागली की अजून ग्लास कुकरमागं दडवतो, आणि भासरे स्वयंपाकघरात येण्याआधी मुद्दाम मोठ्यानं खोकतात. माझी मी वेगळी आणते आणि ओट्याशी उभी राहून, दोघांच्याही देखत पिते.