नेपाळच्या बाजारातल्या दोन शाली

आमच्या निडी गावच्या भजनी मंडळातल्या बायांनी दार्जिलिंगची सहल ठरवली, तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल? थोरली येतेय का? तर येत होती. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. मध्ये एक भिंत, अलीकडे मी, पलीकडे ती, आणि वर्ष उलटून गेलं तरी बोलणं बंद. कारण ऐकाल तर हसाल. कडवे वाल सोलायला मी कधी बसत नाही, असं ती माझ्या माहेरच्या पाहुण्यांसमोर बोलली. मीही फटकन म्हटलं, मग उद्यापासून तुमचं तुम्ही शिजवा. झाली चूल वेगळी! सासूबाई असत्या तर दोघींनाही झापलं असतं, पण त्या आधीच गेलेल्या.

सहलवाल्याने आडनाव एकच बघून आम्हाला एका खोलीत टाकलं. वर म्हणतो, "जावाजावा आहात, मजा करा!" डोंबलाची मजा. सकाळी नळाला गरम पाणी आलं की मी तिची बादली भरून ठेवायची आणि आरशाला सांगायची, "पाणी हाय." ती खिडकीला म्हणायची, "बरं."

एक दिवस आम्हाला नेपाळच्या हद्दीवरच्या बाजारात नेलं. गाडी अलीकडेच थांबली. जवानाला मतदान कार्ड दाखवायचं आणि कमानीखालून चालत पलीकडे जायचं, झाला परदेश. तिकडेही तेच धुकं, तशीच कुत्री, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छत्र्या, जॅकेटं, शालींची दुकानं. आमच्यातली एक म्हणाली, "हात्तिच्या, हा तर रोह्याचा बाजार, नुसती थंडी जास्त."

एका दुकानात मला मरून रंगाची शाल भारी आवडली. दुकानदारणीशी भाव केला, घासाघीस केली, आणि तोंडातून निघालं, "दो देना."

आमच्या घरात सुनांना काही घ्यायचं तर दोन घ्यायचं, आणि अगदी एकसारखं. साडी असो, बांगड्या असोत, नाहीतर प्लॅस्टिकची बादली. सासूबाईंचा तो कायदाच होता. जिभेला तेच वळण पडलेलं. बाईने दोन्ही शाली बांधून हातात दिल्या, मी बाहेर आले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. असा संताप आला स्वतःचा! मंडळातल्या एकीने विचारलं, दुसरी कुणाला गो? म्हटलं, लेकीला. माझी लेक शाल पांघरत नाही हे तिलाही ठाऊक. ती गालात हसली.

थोरली बाहेर कठड्यावर बसली होती. पातळसा स्वेटर, हात बगलेत, मधूनच खोकत होती. काय काय सांगायचं साठलं होतं माझ्याकडे, आणि ते ऐकणारं हिच्याशिवाय कोण होतं? खरं सांगते, मला माझी जाऊ परत हवी होती. आणि इथे जमलं नाही तर गावी पुन्हा मध्ये ती भिंत होतीच.

मी एक पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. "ही तुमची." भिरकावून देते की काय, म्हणून मी एक पाऊल मागेच उभी राहिले.

तिने पुडकं सोडलं. शालीवरून हात फिरवला. वर न बघताच म्हणाली, "तुझी दाखव."

मी दाखवली. तोच रंग, तीच किनार. तिने दोन्ही मांडीवर पसरल्या. एकीचा पोत बघितला, दुसरीचा बघितला, मग दोन्ही उजेडात धरल्या. गाडीकडून बाया हाका मारत होत्या.

"सारख्याच हायत हो वैनी," मी म्हटलं.

"असू दे. थोरलीनं आधी निवडायचं असतं," ती म्हणाली, आणि माझी उचलून तिने अंगावर घेतली.