साडूंचे चौसष्ट थर

उभ्या मराठवाड्यात पोळीकडे आमच्या लातूरच्या साडूंएवढं संशयानं पाहणारा माणूस दुसरा नसेल. घडीची पोळी ताटात पडली की लोक तूप मागतात; हे गृहस्थ ती उजेडात धरून पापुद्रे मोजतात. भोकरला एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्यालाच गाठलं. "मामा, घडीला तेल लावता ना? म्हणून थर सुटून राहिले. मला न सुटणारे पायजेत!" आचारी म्हणाला, "मग भाकर खा की सायेब."

साडू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि नऊ वर्षं पीएचडी करत होते. विषय काय, तर तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पट्टी एकावर एक ठेवून रुळांतून दाबून एकजीव करायची, लांबली की मधोमध कापायची, पुन्हा एकावर एक, पुन्हा रूळ. दोनाचे चार, चाराचे आठ, असे चौसष्ट थर. दर वेळी पट्टी घासून लख्ख करायची. तेलकट बोटही लागता कामा नये. हे त्यांनी मला बारशात सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं, माझी दाढ ठणकत असताना दवाखान्याच्या बाकावरही सांगितलं. "भाऊ, लई दाबलं की कडक तांबं आधी तुटतं. मऊ ॲल्युमिनियम त्याचे तुकडे पोटात धरून बसतं. आता बोला!" काय बोलणार, कपाळ! गाल धरून हो म्हणालो. इतक्यांदा ऐकलं, पण डोक्यात शिरलं असेल तर शपथ.

प्रबंध द्यायची शेवटची मुदत दसऱ्यानंतरच्या आठवड्यात होती आणि शेवटच्या घडीच्या, बत्तीस-बत्तीस थरांच्या दोन पट्ट्या घासून तयार होत्या. भांड्यांच्या एका कारखान्यातलं रुळांचं मशीन साडूंना सुट्टीच्या दिवशी वापरू देत. खंडेनवमीला मी नांदेडहून गेलो, तर मशीनची पूजा त्यांनी मानानं मलाच सांगितली. मशीनला कुंकू, पान्याला कुंकू, आणि ज्यांच्यापायी हा माणूस झिजला त्या पट्ट्याच कोऱ्या? मी खोबरेल तेलात कुंकू कालवून दोन्हींना दोन्ही बाजूंनी बोटं लावली. वर रंग राहू नये म्हणून रुमालानं पुसूनही टाकलं, शहाणा मी!

दसऱ्याच्या सकाळी पट्टी रुळांतून निघाली ती मधोमध सुटलेलीच. साडू ती हातात घेऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही समजावून सांगितलं नाही. तेव्हा कुठं मला माझं तेलाचं बोट आठवलं. सगळं सांगून टाकलं आणि आता शिवी बसणार म्हणून मान खाली घातली. ते म्हणाले, "भाऊ, चला, चहा घेऊ."

मुदत गेली. साडूंनी पुन्हा नाव नोंदवलं, पुन्हा दोन थरांपासून सुरुवात केली. सध्या सोळावर आहेत. एकदा तरी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. यंदा खंडेनवमीला मी लाजेनं घरीच बसलो होतो, तर सकाळी त्यांचा फोन. "भाऊ, कुठं हाव? पूजा खोळंबली ना! तुमच्याशिवाय कोण करील?"

"आणि पट्ट्या?" मी घाबरत विचारलं.

"त्या कपाटात हायेत, कुलूप लावलंय. तुम्ही निवांत या."

मी लातूरची बस पकडली. लोह्याला बस थांबली तेव्हा खाली उतरून साबणानं दोनदा हात धुतले.